लेखनाच्या सरावाचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

कोल्हापुरात पुस्तकाच्या दुकानात 'प्रवेश परीक्षेसाठी लेखनाचा सराव' असं म्हटलं की काउंटरवर ठरलेल्या वस्तू येतात. निबंधांचं एक जाड पुस्तक, विलायती छापाचं एक चकचकीत सरावपुस्तक, चित्रांच्या पत्त्यांचा डबा, आणि गल्ल्यावर ठेवलेलं कुठल्या तरी क्लासचं पत्रक. सगळं उचललं तर क्लासची फी सोडूनही दीड-दोन हजार सहज जातात. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींविना मुलाचं काही अडत नाही.

पण पाकीट बाहेर काढण्याआधी एक खात्री करा. मूल ज्या परीक्षेला बसणार आहे, तिच्यात लेखन आहे का? नवोदयला नाही. कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात, आणि सगळे प्रश्न पर्यायी. भाषेचे २० प्रश्नसुद्धा उताऱ्यांवरचे. सैनिक शाळेच्या सहावीलाही नाही: १२५ प्रश्न, ३०० गुण, १५० मिनिटं आणि गोल काळे करायची ओएमआर शीट. सरकारी शिष्यवृत्ती परीक्षाही पर्यायीच. तरीही या तिन्हींच्या तयारीला म्हणून निबंधमाला खपते, हे दुकानदाराचं कौशल्य म्हणायचं.

लेखन खरंच लागतं ते डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजच्या परीक्षेला, म्हणजे क्लासवाल्यांच्या भाषेत 'आरआयएमसी'ला. तिथे प्रवेश आठवीत मिळतो, वय साडेअकरा ते तेरा. इंग्रजी १२५, गणित २०० आणि सामान्यज्ञान ७५ असे लेखी पेपर, शिवाय ५० गुणांची मुलाखत. इंग्रजीला दोन तास मिळतात आणि त्यात उतारा, व्याकरण, पत्र यांच्यासोबत निबंधही असतो. प्रत्येक विषयात किमान ५० टक्के लागतात, त्यामुळे गणितात पैलवान असलेलं पोर इंग्रजीत चितपट झालं तर गणिताचे गुण उपयोगाला येत नाहीत. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. पन्हाळा-पाचगणीकडच्या निवासी शाळा आपापली चाचणी घेतात. कुठे एक पान लिहायला देतात, कुठे नाही. तिथल्या ऑफिसला फोन लावून तीनच गोष्टी विचारा: लेखनाला गुण किती, वेळ किती, भाषा कोणती. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि मगच खरेदीला निघा.

आरआयएमसीला बसणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगली वस्तू दुकानात मिळतच नाही. कॉलेजकडून अर्ज आणि माहितीपत्रक मागवलं की जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तिका सोबत येते. गेली काही वर्षं या संचाला सर्वसाधारण गटासाठी ६०० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५५ रुपये घेतात; मागवताना चालू रक्कम बघून घ्या. अर्ज करायच्या वर्षात नव्हे, त्याच्या आदल्या वर्षी हा संच मागवला तर पुस्तिकेचा खरा उपयोग होतो. त्यातले निबंधाचे विषय एका कागदावर उतरवा आणि त्यांची वाटणी करा: गोष्ट सांगा, वर्णन करा, मत मांडा, कल्पना करा. मूल कोणत्या खान्यात अडखळतं ते दोन आठवड्यांत कळतं. बहुतेकांचं गाडं 'मत मांडा'मध्ये नाही, 'वर्णन करा'मध्ये रुततं. कारण मत पाठ करता येतं, वर्णनासाठी बघावं लागतं.

आता निबंधमाला. दीडशे-दोनशे रुपयांत शंभरेक तयार निबंध. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'नदीचे आत्मवृत्त', 'मी पंतप्रधान झालो तर'. छपाई बरी असते, अनुक्रमणिका तर फारच कामाची, आणि कौतुक तिथेच संपतं. पाठ केलेला निबंध दोन ठिकाणी घात करतो. एक, विषय जरासा वळला की मूल वळत नाही: 'पावसाळ्यातील एक दिवस' पाठ आहे आणि प्रश्न आला 'पाऊस थांबल्यानंतर', तरी पहिलं अर्धं पान पाऊसच पडत राहतो. दोन, पाठ केलेल्या वाक्यांची भाषा चाळिशीच्या प्राध्यापकाची आणि मधे मुलाला विसर पडला की तिथे घातलेली वाक्यं अकरा वर्षांच्या मुलाची. तपासणाऱ्याला हा सांधा लांबूनच दिसतो. पुस्तक घरात आधीच असेल तर फेकू नका. अनुक्रमणिका विषयांच्या यादीसारखी वापरा आणि निबंधाच्या पानांना स्टेपलर मारा.

विलायती सरावपुस्तक जास्त विचार करून घ्यायची गोष्ट आहे. ही पुस्तकं इंग्लंडमधल्या अकरा-प्लस परीक्षेसाठी लिहिलेली असतात. तिथली दहा-अकरा वर्षांची मुलं ग्रामर स्कूल नावाच्या, निवडून मुलं घेणाऱ्या सरकारी शाळांच्या प्रवेशासाठी ती देतात. तिथेही लेखन सगळीकडे नसतं. केंट परगण्यात ४० मिनिटांचा लेखनाचा भाग आहे, पण त्याला गुण देत नाहीत, थोडक्यात हुकलेल्या मुलाचा विचार करताना मुख्याध्यापकांची समिती तो काढून बघते. तरी या पुस्तकांत दोन गोष्टी आपल्या निबंधमालांत नसलेल्या सापडतात. लिहिण्याआधी आराखड्याला वेळ राखून ठेवायची शिस्त, आणि शेवटी स्वतःचं स्वतः तपासायची यादी. अर्ध्या तासाची वाटणी आपल्याकडेही तीच चालते: पाच मिनिटं आराखडा, वीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं वाचन. मुलांना पहिली पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. दुसऱ्या पानावर 'आता पुढे काय' म्हणून पेन चावत बसण्यात दहा जातात, ती कोणी मोजत नाही.

आराखड्याला पाच शब्द पुरतात: कोण, कुठे, काय अडलं, काय केलं, काय बदललं. मराठी माध्यमाच्या मुलाने आराखडा खुशाल मराठीत करावा, लिहायचं इंग्रजीत असलं तरी. दोनशे शब्दांच्या गोष्टीत माणसं दोन, फार तर तीन, अडचण एकच, आणि गोष्टीतला वेळ तासाभराच्या आत. 'सकाळी उठलो, दात घासले' इथून सुरू झालेली सहल सहलीच्या ठिकाणी पोचेपर्यंत शब्द संपतात. शेवटाबाबत घरात एक पक्का नियम करा. 'तेवढ्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली' हा शेवट बंद. कायमचा.

या पुस्तकांचा दोष कुठे? एक तर मुलाने कधी न पाहिलेल्या जागा: बर्फ, समुद्रावरचा लाकडी धक्का, घराखालचं तळघर. त्यावर लिहायला लावलं की मूल सिनेमात पाहिलेलं लिहितं. जागा बदलून घ्या. तळघराऐवजी माळा. धुक्यातल्या माळरानाऐवजी पन्हाळ्यावर तीन दरवाजाकडे जाणारी सकाळची वाट. जत्रेचं वर्णन असेल तर जोतिबाची चैत्र यात्रा, सासनकाठ्या आणि नाकातोंडात गेलेला गुलाल. प्रश्नाचा सांगाडा तोच ठेवायचा, माती आपली. दुसरा दोष जास्त नडतो: प्रत्येक परिच्छेदात पाचही इंद्रियं, एक उपमा, तीन विशेषणं असा रतीब. मग मूल लिहितं की बाकडं थंडगार, गुळगुळीत, चमकदार होतं. बाकडं आहे ते, आइस्क्रीम नव्हे. एका परिच्छेदात दोन इंद्रियं बस झाली, त्यातलं एक डोळ्यांशिवायचं असावं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, जिथे म्हशीची धार समोरच काढून देतात, मुलाला एकदा पाच मिनिटं उभं करा आणि डोळे मिटून काय काय कळलं ते विचारा. धारेचा भांड्यातला आवाज भांडं भरत येतं तसा बदलतो, हे कुठल्याही सरावपुस्तकात लिहिलेलं नाही.

तपशिलाचा आणखी एक फायदा आहे, तो इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या पालकांनी नीट बघावा. पुरावर कोल्हापुरातलं जवळजवळ प्रत्येक मूल असं लिहितं:

'पावसाळ्यात आमच्या गावाला पूर येतो. सगळीकडे पाणीच पाणी होते. लोकांचे खूप हाल होतात. हे दृश्य अतिशय भयानक असते.'

त्याच मुलाला चार प्रश्न विचारले, पाणी आलं हे कशावरून कळलं, घरात कोण होतं, त्यांनी हातात काय घेतलं, टीव्हीवर काय सांगत होते, की पान बदलतं:

'राजाराम बंधाऱ्याला पाणी एक्केचाळीस फुटांवर होतं. पायरीवर आम्ही खडूने केलेली खूण सकाळी दिसेना. आजीने काही न बोलता पिठाचा डबा माझ्याकडे दिला आणि माळ्याकडे बोट केलं.'

यात 'भयानक' नाही, 'खूप' नाही, तरी भीती आहे. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याला ३९ फूट इशाऱ्याची आणि ४३ फूट धोक्याची पातळी हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. एक्केचाळीस म्हटल्यावर घर मधल्या घालमेलीत आहे हे आपोआप कळतं. बाहेरच्या तपासनिसाला हे आकडे माहीत नसतील तर धोक्याची पातळी किती हे अर्ध्या वाक्यात सांगून टाकावं. आता दुसरा परिच्छेद इंग्रजीत करून बघा. पायरी, खडू, खूण, डबा, बोट: सगळे सहावीच्या मुलाला येणारे शब्द. पहिल्या परिच्छेदाला मात्र 'हाल', 'दृश्य', 'भयानक' यांसाठी शब्दकोश लागतो आणि तिथेच स्पेलिंग चुकतं. सजावटीपेक्षा तपशील लिहायला सोपा असतो.

चित्रांचे पत्ते आणि गोष्टीचे फासे यांवर थोडक्यात. पत्ते देखणे असतात आणि सुटीत भावंडांना खेळायला ठीक. परीक्षेच्या सरावाला मात्र ते उलटे जातात, कारण पाच पत्ते ओढले की मूल पाच घटना 'मग... मग... मग' करून ओवतं आणि एकीचाही दुसरीशी संबंध नसतो. एका वेळी एकच पत्ता काढायचा असेल तर विकतचा डबा कशाला? रोजच्या वर्तमानपत्रातला फोटो कापा, खालची ओळ काढून टाका, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. निवडताना फोटोत एक-दोन माणसं हवीत आणि ती काहीतरी करत असावीत. नुसता सूर्यास्त नको. सूर्यास्ताला गोष्ट नसते. असे वीस पुठ्ठे दोन महिने पुरतात, खर्च डिंकाचा.

वाचायला काय द्यावं हेही लोक सारखं विचारतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मराठी लेखनासाठी यापरतं स्वस्त आणि चांगलं काही नाही. इंग्रजीसाठी नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं घ्या. जागा आणि माणसं ओळखीची असतात, वाक्यं आखूड. १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर गावात असताना सगळंच विकत घ्यायची गरजही नाही.

वही. यावर कोणी परीक्षण लिहीत नाही आणि चुका इथेच जास्त होतात. दोनशे पानी, एकेरी रेघेची, मोठ्या आकाराची वही घ्या. उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं, दुरुस्ती आणि पुनर्लेखन डाव्या पानावर. दोन पानं शेजारी शेजारी दिसतात म्हणूनच मुलाला स्वतःचा फरक कळतो. सुटे कागद आठवड्यात गहाळ होतात. पातळ कागदावर जेल पेनाची शाई मागे उमटते आणि डावं पान वाया जातं, तेव्हा साधं बॉलपेन. शब्द मोजायला मुलं पाच मिनिटं घालवतात. त्याऐवजी मुलाच्या अक्षरात पाच ओळींचे शब्द मोजून सरासरी काढा. ओळीत आठ शब्द बसत असतील तर पंचवीस ओळी म्हणजे दोनशे शब्द. पंचविसाव्या ओळीवर आधीच पेन्सिलीची बारीक टिकली केली की मोजणं संपलं.

तपासताना एका लेखनात दोनच प्रकारच्या चुका धरा. सगळ्या चुका लाल केल्या तर मूल पुढच्या वेळी आखूड आणि भित्रं लिहितं. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजीत तीन चुका हमखास असतात आणि तिन्हींचं मूळ मराठीत आहे. आपण गोष्ट सांगताना काळ सहज बदलतो: 'मी माळ्यावर चढलो, बघतो तर काय, डबा रिकामा!' मराठीत हे झकास आहे. इंग्रजीत तसंच उतरवलं की भूतकाळातून वर्तमानात उडी पडते आणि गुण जातात. उपाय म्हणजे लिहून झाल्यावर पेन्सिलीने फक्त क्रियापदांखाली रेघ मारत जायचं, एका मिनिटाचं काम. दुसरी चूक 'अ' आणि 'द'ची, कारण मराठीत ही भानगडच नाही: वस्तू गोष्टीत पहिल्यांदा आली तर 'अ', तीच पुन्हा आली तर 'द', एवढ्यावर बहुतेक जागा भागतात. तिसरी, नव्या वाक्यात कर्ता गाळणं. 'आली आणि बसली' म्हटल्यावर आपल्याला ती कोण ते कळतं, इंग्रजीला 'शी' लिहावंच लागतं.

इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांनीही वही बाजूला सारू नये. मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत सांगायला लावा. जिथे ते वाचताना अडखळतं तिथे वाक्य लांब झालेलं असतं. आणि विचारा: हे कुठे घडलं, कोणाच्या हातात काय होतं? उत्तर तोंडाने येतं आणि पानावर नसतं, तर ते पानावर घालायचं. शाहू स्टेडियमवरची मॅच सांगताना जे पोरगं खुर्चीवर चढून गोल दाखवतं, तेच वहीत 'फुटबॉल हा माझा आवडता खेळ आहे' लिहून थांबतं. त्याला आधी दोन मिनिटं फोनवर बोलू द्या, रेकॉर्ड करा, मग ऐकत लिहू द्या. 'नाद खुळा'सारखी बोलीतली वाक्यं मात्र वहीबाहेर ठेवायची. फोनवरच्या व्याकरण तपासणाऱ्या अ‍ॅपचं म्हणाल तर चूक कुठे आहे एवढं दाखवून घ्यायला चालेल. त्याने लिहून दिलेला परिच्छेद उतरवून घेणं म्हणजे पुन्हा निबंधमालाच, फक्त चार्जिंग लागणारी.

राहिला क्लास. राजारामपुरीच्या गल्ल्यांत पाट्या भरपूर आहेत आणि फीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून फी सोडून दुसरा हिशोब करा. दोनशे शब्दांचं एक लेखन नीट वाचून, खुणा करून, शेवटी दोन ओळी लिहायला शिक्षकाला सात मिनिटं लागतात. चाळीस मुलांची बॅच असेल तर २८० मिनिटं, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं, दर आठवड्याला, शिकवणं सोडून. हे कोणी करत नाही. मग वहीत 'गुड' आणि सही येते, नाहीतर फळ्यावर एक 'मॉडेल उत्तर' लिहून सगळ्यांना उतरवायला सांगतात. बारा मुलांच्या बॅचला तेच काम ८४ मिनिटांत होतं. लेखनाच्या क्लासमध्ये बॅचचा आकडा हाच दर्जा. पंधराच्या वर गेला तर शिक्षक कितीही चांगले असोत, तपासणी पातळ होणार.

फीचा हिशोबही तपासलेल्या लेखनावर मांडा. समजा महिन्याला १२०० रुपये आणि चार लेखनं तपासून मिळतात, तर एक ३०० ला पडलं. दोनच मिळत असतील तर ६००. व्याख्यानं, नोट्स, व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पीडीएफ यांची किंमत शून्य धरा. पहिल्याच दिवशी स्पायरल बांधलेल्या नोट्स हातात दिल्या तर समजून घ्या की इथे पाठांतर होणार आहे. नाव लावण्याआधी जुन्या विद्यार्थ्याची वही बघायला मागा, पहिल्या नव्हे तिसऱ्या महिन्याची. त्यात तीच चूक कमी होत गेलेली दिसते का, एखादा परिच्छेद पुन्हा लिहून घेतलाय का, आणि शेऱ्यात त्या मुलाच्या गोष्टीतल्या एखाद्या वस्तूचं नाव आहे का ते पाहा. 'आजीचा डबा छान आला, पण तो माळ्यावर का नेला ते सांग' असा शेरा लिहिणाऱ्या बाईंनी पान वाचलेलं असतं.

पत्रकावर 'पहिला तास मोफत' हे ठळक छापलेलं असतंच. त्या तासाला शिकवणं कसं आहे यावर निर्णय देऊ नका, पहिला तास सगळ्यांचाच रंगतो. त्या दिवशी मुलाने लिहिलेलं पान तिथे ठेवून या, आणि ते किती दिवसांनी, कोणत्या खुणा होऊन परत येतं ते बघा.